चौकशीला आलेला माणूस

निवड झाल्याचा मेल आला तेव्हा मी लॅबमध्ये द्राक्षांचा लगदा करत होते. माझं कामच संशयाचं आहे. नाशिकहून परदेशी जाणारी द्राक्षं आमच्याकडे तपासायला येतात. त्यांच्यात फवारणीचं औषध किती उरलंय ते आम्ही मशीनवर बघतो. घड कितीही टपोरा दिसो, शेतकरी कितीही शपथा घेवो, मशीनमधून कागद बाहेर येईपर्यंत आम्ही कुणावर विश्वास ठेवत नाही. सात-आठ वर्षं हेच करून माझा स्वभाव असा झाला, असं आई म्हणते. मी म्हणते स्वभाव आधीपासूनच असा होता, म्हणून तर ही नोकरी टिकली. तो कुणाकडून आला हेही मला ठाऊक आहे, पण ते मी तिच्या तोंडावर बोलत नाही.

तर मेल. ऑस्ट्रेलियाचा एक व्हिसा असतो, तरुण पोरापोरींसाठी. वर्षभर तिकडं राहायचं, हिंडायचं, आणि खर्च भागवायला मिळेल ते काम करायचं, शेतात, हॉटेलात, कुठंही. आपल्याकडून अर्ज करणारे ढिगानं, म्हणून आधी सोडत काढतात. मी कुणाला न सांगता तिच्यात नाव टाकलं होतं. त्या मेलमध्ये 'अभिनंदन' बघितलं आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मला आजवर सोडतीत काहीही लागलेलं नाही. कॉलनीतल्या कोजागिरीच्या हौजीत माझी साधी एक ओळ कधी भरली नाही. मग ऑस्ट्रेलिया सरकारला माझाच नंबर कुठून सापडला? मेलमधल्या लिंकला मी हात लावला नाही. सरकारी वेबसाइटचा पत्ता स्वतःच्या हातानं टाइप केला, तीनदा अक्षरं तपासली, आत गेले. तिथंही तेच लिहिलं होतं. मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

रडण्याचं कारण असं की मला तीस पूर्ण झाली होती. पुढच्या वाढदिवसाला वय बसणार नव्हतं. ही पहिली संधी होती आणि शेवटचीही. शाळा नाशिकला, कॉलेज नाशिकला, नोकरी नाशिकला. सुट्टी लागली की मामाकडे दिंडोरीला, तीही बसनं पाऊण तासावर. मला एकदा, फक्त एक वर्ष, अशा ठिकाणी राहायचं होतं जिथं मी कुणाची मुलगी नाही आणि कुणाची भाची नाही. भाजी आणायला गेले तर भाजीवाल्यानं पप्पांची तब्येत विचारू नये, एवढंच.

घरी सांगितलं त्या दिवशी आईनं आधी तो मेल माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि अर्थ लावून घेतला.

"म्हणजे सुट्टी?"

"सुट्टी आणि काम."

"सुट्टी आहे तर काम कशाला? आणि काम आहे तर त्याला सुट्टी का म्हणतात?" ती म्हणाली. "काहीतरी लपवतायत ते."

"काही लपवत नाहीत. सगळं वेबसाइटवर आहे."

"वेबसाइटवर जे लिहितात ते लपवायचं नसतंच."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं. पप्पा पेपर वाचत होते. पप्पांचं दिंडोरी रोडला दुकान आहे, द्राक्षावर मारायच्या औषधांचं. म्हणजे ते विकतात आणि मी पकडते, असा आमच्या घरचा कारभार. ते गिऱ्हाइकाशी तासन्‌तास बोलतात आणि घरी आले की तोंडाला कुलूप. त्या दिवशी त्यांनी फक्त "बरं" म्हटलं आणि पेपर उलटा करून मागचं पान वाचायला घेतलं. आईच्या प्रश्नांपेक्षा मला या 'बरं'ची धास्ती वाटली. बापानं आरडाओरडा केला तर निदान कळतं की तो कुठं उभा आहे.

मग तयारी सुरू झाली, आणि तयारी म्हणजे दिसेल त्याच्यावर संशय घेणं. गंगापूर रोडला एका एजंटकडे गेले. ऑफिसात मोठा पृथ्वीचा गोल, भिंतीवर कांगारू. त्यानं पहिल्या पाच मिनिटांत मला 'ताई' म्हटलं, दहाव्या मिनिटाला 'बेटा' म्हटलं, आणि पंधराव्या मिनिटाला म्हणाला, ओरिजिनल पासपोर्ट ठेवून जा, बाकी सगळं आमच्यावर सोडा. मी पासपोर्ट पर्समध्ये टाकला, पर्स काखेत दाबली आणि पाणी पिऊन येते म्हणून जी निघाले ती थेट स्टँडवर. पुढचा सगळा अर्ज मी स्वतः भरला. इंग्रजीची परीक्षा दिली, डिग्रीचे कागद स्कॅन केले, बँकेचं पत्र आणलं. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढून तीन ठिकाणी ठेवल्या. एक माझ्या कपाटात, एक लॅबच्या ड्रॉवरमध्ये आणि एक स्कूटीच्या डिकीत. कुणी एक पळवलीच तर दोन उरतील, असा हिशोब. कोण पळवणार होतं ते विचारू नका.

एप्रिलमध्ये मी रविवारचे रविवार मामाच्या बागेत जायला लागले. तिकडं द्राक्षाच्या मळ्यांत काम मिळतं असं वाचलं होतं, आणि मला द्राक्षाबद्दल सगळं माहीत होतं, फक्त कात्री धरता येत नव्हती. एप्रिलात खरड छाटणी असते. माल निघून गेला की वेलीच्या सगळ्या काड्या बुडाशी एक-दोन डोळे ठेवून छाटून टाकायच्या. मामाकडे सुरगाण्याकडच्या बाया दरवर्षी टोळीनं येतात. त्यातल्या एका बाईच्या ओळीत मी उभी राहिले. ती कटाकट कटाकट पुढं जायची आणि मी प्रत्येक काडीपाशी थांबून विचार करायची.

"बाई, एवढं काय बघतीस? ती काय पळून जाती का?" ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की मी परदेशात जाऊन हेच काम करणार आहे. तिनं कात्री थांबवली.

"तिकडं छाटायला माणसं नाय का?"

"आहेत. पण कमी पडतात."

"का कमी पडत्यात? त्यांची माणसं का नाय करत?" तिनं माझ्या हाताकडं बघितलं, एकाच सकाळी दोन फोड आले होते. "जे काम त्यांची माणसं करत नाय, ते चांगलं नसल. मला इच्यार ना."

ती हसली नाही की खोचकपणे बोलली नाही. तिनं मला धोक्याची सूचना दिली होती. त्या बोलण्याचा मला राग आला, कारण ते बरोबर असण्याची शक्यता होती. तरी मी पुढचे तिन्ही रविवार गेले आणि शेवटच्या रविवारी तिच्या मागं फक्त अर्धी ओळ राहिले.

त्याच शेवटच्या रविवारी मामानं मोबाईल काढला. "उभी राहा तशीच, कात्री घेऊन. तिकडं दाखवायला होईल, अनुभव आहे म्हणून." मी उभी राहिले. त्यानं एक फोटो काढला, मग म्हणाला, "टोपी काढ की, तोंड दिसत नाही." मग म्हणाला, "जरा हस." तिथं मला कळायला हवं होतं. अनुभवाच्या फोटोत कोण कशाला हसेल? दुपारी जेवताना मामीच्या तोंडून निसटलं की चांदवडकडचं एक स्थळ आहे, कांद्याचे मोठे व्यापारी, मुलगा शिकलेला, आणि त्यांना 'बागेतली मुलगी' चालेल. मामानं मामीकडे असं बघितलं की तिनं पुढचा घास तसाच हातात धरला.

मी ताट संपवून निघाले. पण बसमध्ये बसल्यापासून माझं डोकं फिरलं होतं. म्हणजे फोटो गेला. फोटो गेला म्हणजे आता चौकशी येणार.

आमच्याकडे मुलीची चौकशी कुणी तिच्या घरी येऊन करत नाही. ती शेजारी करतात. एक माणूस येतो, पत्ता चुकल्यासारखं करतो, पाणी मागतो, ओट्यावर टेकतो. मग सहज म्हणून सुरू होतो. हे अमुक इथंच राहतात ना, घरचं घर आहे का, मुलगी काय करते, येते किती वाजता, स्वभाव कसा, कुणाशी काही भानगड-भांडण. शेजाऱ्यांनाही हे पाठ असतं. आमच्या आईनंच समोरच्या घरातल्या दोन मुलींना असं ओट्यावर बसून चांगलं म्हणून पास केलं होतं. आणि एकदा चौकशी चांगली निघाली की पुढचं थांबवणं फार जड जातं. लोक बघायला येतात, मग पोहे, मग त्यांचा होकार, मग 'आता नाही कसं म्हणायचं'. माझ्याकडे एवढा वेळ नव्हता. सप्टेंबरात मला निघायचं होतं.

म्हणून मी शेजारच्या काकूंकडे गेले. काकू आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात, एकट्याच. त्यांनी मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलंय, आणि त्यांच्या ओट्यावरून आख्खी गल्ली दिसते. चौकशीला येणारा कुणीही आधी काकूंनाच सापडणार, यात शंका नव्हती.

"काकू, कुणी माझ्याबद्दल विचारायला आलं तर सांगायचं, ती इथं राहत नाही."

काकूंनी डोळे बारीक केले. "मग कुठं राहते?"

"पुण्याला."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली म्हणा."

"येते का अधूनमधून?"

"दिवाळीला."

काकूंनी ते सगळं स्वतःशी एकदा म्हणून बघितलं. पुण्याला, दोन वर्षं, दिवाळीला. "आईला माहीत आहे?"

"आईला कळू द्यायचं नाही. आई मामाच्या बाजूची आहे."

हे मी अगदी खात्रीनं म्हटलं. आई आणि मामा रोज फोनवर बोलत होते, आणि मी खोलीत आले की आई फोन घेऊन गॅलरीत जायची. काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, काळजी करू नकोस, कोण येतो ते बघतेच. मला हायसं वाटलं.

अर्ज जाऊन महिना झाला होता. मे अर्ध्यावर आला तेव्हा तिकडून दुसरा मेल आला. मेडिकल करून घ्या आणि पोलिसांचा दाखला पाठवा, मुदत चार आठवडे. मेडिकल झालं. दाखल्यासाठी पासपोर्टच्या ऑफिसात अर्ज केला. तिथल्या बाईंनी सांगितलं, आता तुमच्या पोलीस स्टेशनमधून चौकशी होईल, मग दाखला निघेल. मी घरी येऊन हे सांगितलं. आई पापडाच्या पिठाला तेलाचा हात लावत होती. तिनं विचारलं, "पोलीस घरी येतात का मग?" मी म्हटलं, येतात कधीकधी. तिनं "अस्सं" म्हटलं. एवढंच बोलणं झालं, पण ते माझ्या डोक्यात बसून राहिलं.

दहा-बारा दिवस काहीच नाही. मग एक दिवस लॅबमध्ये मोबाईलवर मेसेज आला, पोलीस अहवाल प्रतिकूल. मी तो चार वेळा वाचला. अर्धा दिवस रजा टाकून पासपोर्टच्या ऑफिसात गेले. बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, "दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत, असा शेरा आहे."

"मी तिथंच राहते."

"मग ते पोलीस स्टेशनला सांगा. त्यांनी नवा अहवाल पाठवला तर होईल."

मुदतीचे अकरा दिवस उरले होते.

स्कूटीवरून घरी येईपर्यंत मी गुन्हेगार पकडला होता. आमच्या घरी पोलीस येऊन जातो, मला कळतही नाही, आणि तो लिहून नेतो की मी तिथं राहत नाही. त्याला हे कुणी सांगितलं? पोलीस येणार हे कुणाला माहीत होतं? मला जाऊ द्यायचं कुणाच्या मनात नव्हतं? गॅलरीत जाऊन कुणाशी कोण बोलत होतं? लॅबमध्ये एवढा पुरावा असता तर मी तो माल तिथंच बाद केला असता.

आई गच्चीत होती, वाळलेले पापड गोळा करत होती.

"पोलीस आला होता?" मी विचारलं.

"कुठला पोलीस?"

"आई, खरं सांग. त्याला तू काय सांगितलंस?"

"अगं, कुणी आलंच नाही."

"मी इथं राहत नाही म्हणून लिहून गेलाय तो. हवेतून लिहिलं का त्यानं?" माझा आवाज चढला होता, समोरच्या गच्चीवरची बाई बघायला लागली होती. "तुला मला पाठवायचं नव्हतंच. मग सरळ नाही म्हणायचंस. मी ऐकलं असतं, नसतं ऐकलं, ते नंतरचं. असा मागून गळा कशाला कापायचा? मामानं शिकवलं का?"

आईनं हातातला पापड डब्यात ठेवला. "मी केलं असं वाटतं तुला?"

"मग कुणी केलं?"

उरलेले पापड तिनं भराभर उचलले, दोन मोडले, आणि खाली गेली. जेवायला तिनं सगळ्यांना वाढलं, पण स्वतः बसली नाही. पप्पा दोन घास खाल्ल्यावर म्हणाले, "ती असं नाही करायची."

"मग तुम्ही केलंत का?" मी म्हटलं.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी ताटात हात धुतला आणि उठले. पप्पा ताटात अन्न टाकून उठलेले मी त्याआधी कधी बघितले नव्हते. तरी माझी मान ताठच होती. चूक त्यांची आहे असं मला वाटत होतं. किंबहुना ती त्यांची असावी असं वाटत होतं, कारण चिडायला कुणीतरी लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकू आल्या. आठ-दहा दिवस त्या येवल्याला लेकीकडे गेल्या होत्या. हातात लेकीनं दिलेल्या कुरडयांची पिशवी, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी दार पूर्ण उघडायच्या आतच त्या सुरू झाल्या.

"आला होता गं. मी गेले त्याच दिवशी आला होता. तुम्ही सगळे बाहेर होतात, घराला कुलूप. माझ्याकडंच आला."

"कोण?"

"तुझा तो, चौकशीवाला. साधा शर्ट-पँट, पण पायात ते तांबूस बूट, चकाचक पॉलिश केलेले. हातात फाईल. मी तेव्हाच ओळखलं, व्यापाऱ्याकडचा दिवाणजी असणार." काकू सोफ्यावर बसल्या. "आणि काय एकेक प्रश्न त्याचे. किती वर्षांपासून राहतात, घर कुणाच्या नावावर, मुलगी काय करते, वागणं कसं, कुणाशी भांडणतंटा, काही केस वगैरे. एक प्रश्न सोडला नाही मेल्यानं. एवढी बारीक चौकशी करणारे लोक चांगले नसतात, मी मनात म्हटलं. सांगितलं ठणकावून. इथं राहत नाही, पुण्याला असते, दोन वर्षं झाली, दिवाळीला येते. त्यानं लिहून घेतलं आणि गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही."

मी मोबाईल काढला. काकू येवल्याला गेल्या त्या दिवसाचे कॉल बघितले. एका अनोळखी नंबरवरून तीन मिस्ड कॉल होते. अनोळखी नंबर मी उचलत नाही. बँकेच्या नावानं गंडा घालणारे असतात.

"काकू, तो पोलीस होता," मी म्हटलं.

काकूंचा हात पिशवीतच राहिला. आणि तेवढ्यात मला दिसलं की आई स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. तिनं पहिल्या शब्दापासून ऐकलं होतं. पुण्याला, दोन वर्षं, दिवाळीला, सगळं. मला वाटलं आता ती बोलेल, सुनावेल, निदान 'बघ' एवढं तरी म्हणेल. मी त्याची वाट बघत होते. तिनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "चला, पोलीस स्टेशनला. काकू, आधार कार्ड घ्या बरोबर."

पोलीस स्टेशनमध्ये तोच माणूस होता, टेबलाखाली तेच बूट. काकू त्याच्यापुढं हात जोडून उभ्या राहिल्या. मी माझं आधार कार्ड, विजेचं बिल, बँकेचं पासबुक, लॅबचं पत्र, जे होतं ते सगळं त्याच्यापुढं मांडलं. त्यानं कशाला हात लावला नाही.

"आजी, त्या दिवशी छातीठोकपणे सांगितलंत. पुण्याला असते, दिवाळीला येते. आज म्हणता इथंच राहते. मी कुठलं खरं धरू?"

"साहेब, मला वाटलं तुम्ही मुलाकडचे."

पलीकडच्या टेबलावरचा शिपाई फस्सकन हसला. हा मात्र हसला नाही. "मुलाकडच्यांना खोटं सांगता, मग पोलिसांना खरं सांगाल कशावरून?"

काकू रडायला लागल्या. मी म्हटलं, "त्यांची चूक नाही, मीच तसं सांगायला लावलं होतं." हे म्हटल्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं, आणि ते बघणं मी ओळखलं. मी रोज द्राक्षांच्या पेट्यांकडे तसंच बघते.

"म्हणजे तुम्ही लोकांना सांगत होतात की तुमचा पत्ता लपवा. आणि परदेशात जायचा दाखला मागताय." त्यानं खुर्ची पुढं ओढली. "घरच्यांना माहीत आहे का हे? का त्यांच्यापासूनही लपवून चाललंय? उद्या घरच्यांनी येऊन तक्रार केली तर वरचे लोक मला विचारतील."

मी आईकडं बघितलं. ज्या माणसांपासून मी लपवलं होतं त्यातलंच एक माझ्याशेजारी उभं होतं. तोही आईकडे वळला.

"तुम्ही आई का? ही इथं राहते?"

"हो."

"ती परदेशात चालली आहे, तुमची काही हरकत?"

आईनं टेबलावर मांडलेल्या माझ्या कागदांकडं बघितलं. तिनं एक शब्द उच्चारला असता तर संपलं होतं. कालच्या माझ्या बोलण्यानंतर तिनं तो उच्चारला असता तर मला तोंड उघडायलाही जागा नव्हती.

"हरकत आहे," आई म्हणाली.

तो पेन उचलायला लागला.

"पण ती हरकत आमच्या घरातली आहे. ती तुमच्या कागदावर लिहू नका. तुम्ही विचारायला आला होतात की ही तिथं राहते का. राहते. जन्मली तेव्हापासून राहते, मामाचं घर सोडलं तर एक रात्र कुठं गेलेली नाही. ते लिहा."

मग त्यानं माझं आधार कार्ड उचललं आणि नंबर उतरवून घ्यायला लागला. काकूंचा नवा जबाब घेतला, आईची सही घेतली.

दाखला सहाव्या दिवशी आला, मुदतीच्या आत. त्याला महत्त्व नव्हतं असं मी म्हणणार नाही, माझा जीव त्यातच अडकला होता. पण त्या दिवसाचं मला आठवतं ते परतीच्या रिक्षातलं. काकू कडेला बसून डोळे पुसत होत्या, मध्ये मी, आणि पलीकडं आई.

"आई, मी काल फार वाईट बोलले," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"अगदीच चुकलं नाही," ती रस्त्याकडं बघत म्हणाली. "रोज देवापुढं मी हेच म्हणत होते, काहीतरी अडू दे. त्या दिवशी घराला कुलूप नसतं आणि तो माणूस माझ्याकडं आला असता, तर मी काय सांगितलं असतं ते मला माहीत नाही."

सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी विचारलं, "मग आज का नाही बोललीस तसं?"

"आज तू समोर उभी होतीस ना," आई म्हणाली. "तुझं तोंड दिसत होतं मला."